रॅग्नार लोथब्रोकच्या ‘समकालीन नोंदी’ : एका लोकप्रिय मजकुराचा प्रतिवाद

रॅग्नार लोथब्रोक या वायकिंग वीराविषयीचा एक लांबलचक मजकूर गेली काही वर्षे मराठी वाचकांमध्ये हातोहात फिरतो आहे. त्याचे सार असे : रॅग्नार हा नवव्या शतकातला डेन्मार्क आणि स्वीडनचा खराखुरा राजा होता, ७९३ साली इंग्लंडच्या किनाऱ्यावरचा लिंडिसफार्नचा मठ आणि ८४५ साली पॅरिस त्यानेच लुटले, लॅगर्था ही रणरागिणी त्याची पहिली पत्नी होती आणि नॉर्मंडीचा संस्थापक रोलो त्याचा सख्खा भाऊ होता, उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्थम्ब्रिया राज्याचा राजा एला याने त्याला विषारी सापांच्या खड्ड्यात टाकले आणि तिथे तो हसत हसत मेला, मग बापाचा सूड घेण्यासाठी त्याच्या मुलांनी प्रचंड सैन्य जमवून इंग्लंडवर चाल केली आणि एलाची पाठ फाडून त्याला ‘रक्तगरुडा’ची शिक्षा दिली. मजकुराच्या शेवटी दोन वाक्ये ठासून लिहिलेली असतात. या साऱ्याच्या समकालीन नोंदी उपलब्ध आहेत, हे पहिले. आणि ख्रिस्ती मठवाशांनी द्वेषापोटी हा इतिहास दडपून टाकला, हे दुसरे.

ही दोन वाक्ये एकत्र नांदू शकत नाहीत, हे आधी सांगून टाकतो. नवव्या शतकातल्या इंग्लंड-फ्रान्सच्या ज्या समकालीन नोंदी आपल्यापर्यंत पोहोचल्या आहेत, त्यातल्या बहुतेक सगळ्या मठवाशांनी आणि धर्मगुरूंनीच लिहिलेल्या आहेत. त्यांनी दडपले असेल तर नोंद कुठून येणार, आणि नोंद असेल तर दडपले काय? पण एवढ्यावर प्रतिवाद संपवणे बरे नाही. रॅग्नारची कथा ही उत्तर युरोपातल्या सर्वात सुंदर वीरकथांपैकी एक आहे असे मी मानतो, आणि ती कशी घडली हे मुद्द्यागणिक पाहण्यासारखे आहे.

कसोटी मराठी वाचकाला नवी नाही. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तेव्हापासून बखर आणि अस्सल कागद यांत फरक करायला आपण शिकलो आहोत. बखर टाकाऊ नसते, तिच्यात लोकांची स्मृती असते. पण तारीख, वार आणि ‘अमुक माणूस अमुक ठिकाणी होता’ हे ठरवताना त्या काळचा कागद काय म्हणतो ते आधी पाहावे लागते. रॅग्नारचा सागा, म्हणजे आइसलँडमध्ये लिहिली गेलेली गद्य वीरकथा, ही अशी बखर आहे, आणि तीही घटनेनंतर चार शतकांनी लिहिलेली.

आता ‘रॅग्नार हा डेन्मार्क आणि स्वीडनचा राजा होता’ हे विधान घेऊ. नवव्या शतकातल्या डेन्मार्कची राजकीय माहिती मुख्यतः शेजारच्या फ्रँकिश साम्राज्यात (आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागात) लिहिल्या गेलेल्या वार्षिक इतिवृत्तांतून मिळते. त्या दरबाराला डॅनिश राजांशी तह करायचे होते, दूत पाठवायचे होते, सीमा सांभाळायची होती. त्यामुळे गादीवर कोण आहे याची खबर ठेवणे हा त्यांच्या गरजेचा भाग होता. त्यांत ८१० साली मारला गेलेला गॉडफ्रेड आहे, त्याच्यानंतरचा हेमिंग आहे, काही काळ जोडीने राज्य करणारे हाराल्ड क्लाक आणि रेगिनफ्रिड आहेत, आणि ८५४ साली मारला जाईपर्यंत दीर्घकाळ राज्य केलेला हॉरिक आहे. रॅग्नार नाही. स्वीडनमधल्या बिर्का या व्यापारी गावात धर्मप्रसारासाठी जाऊन आलेल्या आन्स्गारचे चरित्र त्याचा शिष्य रिम्बर्ट याने त्याच शतकात लिहिले. त्यात ब्योर्न आणि ओलोफ हे स्थानिक राजे नावानिशी येतात. तिथेही रॅग्नार नाही. दोन देशांवर राज्य करणारा पराक्रमी राजा शेजाऱ्यांच्या वह्यांतून असा संपूर्ण निसटणे संभवत नाही.

लिंडिसफार्नचे उत्तर थोडक्यात देता येते. ८ जून ७९३ रोजी त्या बेटावरच्या मठावर हल्ला झाला हे खरे. त्या काळचा विद्वान अल्क्विन याने त्यावर व्याकूळ होऊन पत्रे लिहिली, अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तातही तो प्रसंग आहे. पण हल्लेखोरांच्या म्होरक्याचे नाव यांपैकी कुणीही दिलेले नाही. २०१३ साली सुरू झालेल्या एका गाजलेल्या दूरचित्रवाणी मालिकेने कथेच्या सोयीसाठी ही स्वारी रॅग्नारच्या नावावर घातली, आणि तिथून ती मजकुरात शिरली असावी असे दिसते. लिंडिसफार्नच्या वेळी रॅग्नार वीस वर्षांचा होता असे धरले, तर पॅरिसच्या वेळी तो बहात्तर वर्षांचा होतो आणि ८६५ च्या सुमारास सापांच्या खड्ड्यात पडताना ब्याण्णव वर्षांचा.

पॅरिसचा मुद्दा मात्र असा झटकून टाकता येत नाही, कारण इथे खरोखरच समकालीन नोंद आहे आणि ती मजकुराच्या विरुद्ध जाते. ८४५ च्या मार्च महिन्यात १२० जहाजे सीन नदीतून वर चढत पॅरिसपर्यंत आली, आणि ‘टकल्या’ या उपनावाने इतिहासात ओळखला जाणारा राजा चार्ल्स याने सात हजार पौंड चांदी मोजून त्यांना परत पाठवले, असे फ्रँकिश इतिवृत्त सांगते. म्होरक्याचे नाव दुसऱ्या काही लेखनांत येते : कुठे रेगिनहेरी, कुठे रागेनारियस. हे नाव ‘रॅग्नार’शी जुळते यात शंका नाही, आणि लोथब्रोकच्या कथेत या माणसाची काही आठवण मिसळली असेल हे मलाही पटते.

पण पुढे काय घडले ते मजकूर सांगत नाही. पॅरिसजवळच्या सेंट जर्मेनच्या मठातील वृत्तांतानुसार हा सरदार परतल्यावर राजा हॉरिकच्या दरबारात गेला, लुटीतले सोने-चांदी त्याने पुढ्यात मांडले, आणि आपण पॅरिस जिंकले याचा पुरावा म्हणून शहराच्या दरवाजाचा अडसर आणि मठाच्या चर्चमधल्या तुळईचा तुकडा दाखवला. फ्रँकांच्या बाजूचा कोब्बो नावाचा दूत त्या वेळी तिथे हजर होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो सरदार अंग सुजून, भयंकर आजाराने मेला. वृत्तांत लिहिणाऱ्या मठवाशांना हा संताचा कोप वाटला, त्यामुळे आजाराच्या वर्णनात त्यांनी हात सैल सोडला असणार हे उघड आहे. परंतु तो त्याच वर्षी मेला हे दुसऱ्या एका स्वतंत्र इतिवृत्तातही आहे. पॅरिसवर गेलेला रेगिनहेरी हाच रॅग्नार लोथब्रोक असे म्हणायचे असेल, तर तो ८४५ सालीच डेन्मार्कात रोगाने मेला हेही मान्य करावे लागते, आणि मग वीस वर्षांनंतरच्या सापांच्या खड्ड्यात टाकायला माणूसच उरत नाही. शिवाय या वृत्तांतात तो राजा नाही. राजापुढे लूट मांडणारा सरदार आहे.

आता त्या खड्ड्याकडे वळू. एला हा खरा राजा होता. अँग्लो-सॅक्सन इतिवृत्त सांगते की नॉर्थम्ब्रियाच्या लोकांनी ओस्बर्ट या आपल्या राजाला हाकलून, राजघराण्यातला नसलेल्या एलाला गादीवर बसवले होते. त्याने कोणा डॅनिश सरदाराला पकडून मारल्याचा तिथे उल्लेख नाही. इंग्लंडमध्ये पुढे जी लोककथा रुजली, तिच्यातही साप नाहीत. तेराव्या शतकातला इंग्रज इतिवृत्तकार रॉजर ऑफ वेंडोव्हर जी कथा देतो, ती अशी : लोथब्रोक हा डॅनिश राजकुळातला पुरुष ससाणा घेऊन छोट्या होडीतून पक्ष्यांच्या शिकारीला निघाला, वादळाने त्याला नॉरफोकच्या किनाऱ्यावर आणून टाकले, पूर्व अँग्लियाचा राजा एडमंड याने त्याला सन्मानाने ठेवून घेतले, आणि राजाच्या शिकाऱ्याने मत्सरापोटी जंगलात त्याचा खून केला. लोथब्रोकच्या इमानी कुत्र्यामुळे खुनाला वाचा फुटली. शिक्षा म्हणून शिकाऱ्याला त्याच होडीत घालून समुद्रात सोडून दिले, तो डेन्मार्कला लागला, आणि त्याने लोथब्रोकच्या मुलांना सांगितले की तुमच्या बापाला एडमंडने मारले. म्हणजे एकाच माणसाचे मरण फ्रान्समध्ये रोगाने, पूर्व इंग्लंडमध्ये शिकाऱ्याच्या हातून आणि आइसलँड-डेन्मार्कमध्ये सापांच्या दंशाने सांगितले जाते. ‘समकालीन नोंद’ म्हणणाऱ्याने यांतली कोणती, हे आधी सांगायला हवे.

साप आले कुठून, हे मात्र बऱ्यापैकी खात्रीने सांगता येते. ब्रिटनमध्ये विषारी सापाची एकच जात आहे, आणि तिच्या दंशाने धडधाकट माणूस क्वचितच दगावतो. तेव्हा त्यांचा खड्डा भरून कुणी वधस्तंभाचे काम घेत असेल ही कल्पनाच मुळात इंग्लंडच्या भूमीतली नाही. ती त्याहून जुन्या एका वीरकथेतली आहे. सिगुर्द या नागवधकर्त्या वीराचा मेहुणा गुन्नार याला हूणांचा राजा आत्ली सापांच्या खड्ड्यात टाकतो. गुन्नारचे हात बांधलेले असतात, म्हणून तो पायाच्या बोटांनी वीणा वाजवतो आणि एकेक साप झोपी जातो. शेवटी एकच जागा राहतो, आणि तो त्याला डसतो. नॉर्वेतल्या सेटेस्दाल खोऱ्यातल्या हिलेस्टाड इथल्या लाकडी चर्चची चौकट साधारण १२०० च्या सुमाराची आहे आणि आता ओस्लोच्या संग्रहालयात आहे. तिच्यावर सिगुर्दच्या कथेतले प्रसंग एकाखाली एक कोरलेले आहेत, आणि त्यांत पायाने वीणा वाजवणारा गुन्नार भोवतीच्या सापांसह आजही दिसतो. रॅग्नारचा सागा लिहिला गेला तो तेराव्या शतकात. थोर वीराला शोभणारे मरण कोणते, याचा नमुना कथाकाराच्या डोळ्यांसमोर चर्चच्या दारावर कोरलेला होता.

हे उसने घेणे एकाच जागी थांबत नाही. सागामध्ये रॅग्नारची पत्नी आस्लाउग ही याच सिगुर्दची मुलगी आहे. गुन्नारच्या मागे दडलेला बर्गंडियन राजा गुंदहार पाचव्या शतकाच्या पूर्वार्धात मारला गेला, आणि आत्लीच्या मागचा अट्टिला ४५३ साली मेला. त्यांच्या काळातल्या वीराची मुलगी नवव्या शतकातल्या पुरुषाशी लग्न कशी करणार? मध्ये चारशे वर्षे जातात. सागाच्या कथाकाराला ही अडचण वाटली नाही, कारण त्याला वंशवेल जोडायची होती. नॉर्वेच्या राजघराण्याची आणि आइसलँडमधल्या काही मोठ्या घराण्यांची वंशावळ रॅग्नारच्या मुलांपर्यंत नेली जात असे. रॅग्नारच्या घरात सिगुर्दची लेक आली की ती वेल थेट ओदिन देवापर्यंत पोहोचत होती. कथा घडण्याचे हे कारण समजून घेतले तर सागाची किंमत कमी होते असे मला वाटत नाही.

उलट आस्लाउगचा भाग हा त्यातला सर्वात जिवंत भाग आहे. लहानपणी तिचा पालक हेमिर तिला मोठ्या वीणेच्या पोकळीत लपवून नेतो. नॉर्वेच्या दक्षिण टोकाकडच्या एका वस्तीत एक लोभी जोडपे त्याचा खून करते, आणि मुलगी ‘क्राका’ म्हणजे कावळी या नावाने गुरे राखत वाढते. तिच्या रूपाची बातमी रॅग्नारच्या कानावर जाते तेव्हा तो निरोप धाडतो की मला भेटायला ये, पण ना कपडे घालून ना उघडी, ना जेवून ना उपाशी, ना एकटी ना माणसासोबत. ती अंगाभोवती मासेमारीचे जाळे गुंडाळून, त्यावर आपले लांब केस सोडून, कांद्याचा एक घास चाखून आणि सोबतीला कुत्रा घेऊन येते. असा प्रसंग हातात असताना मजकूर लिहिणाऱ्यांनी तो गाळावा आणि रक्तपात तेवढा ठेवावा, याचे वाईट वाटते.

लॅगर्थाच्या बाबतीत मजकूर वेगळीच गफलत करतो. ती सागामध्ये मुळीच नाही. तिथे रॅग्नारची पहिली पत्नी थोरा आहे. तिच्या दालनाभोवती वेटोळे घालून बसलेल्या महासर्पाला मारताना रॅग्नारने डांबरात उकळून वाळूत घोळलेली केसाळ विजार घातली होती, आणि त्यावरून त्याला लोथब्रोक हे नाव पडले, अशी कथा आहे. लॅगर्था येते ती साक्सो ग्रामाटिकस या डॅनिश लेखकाच्या लॅटिन इतिहासात, म्हणजे साधारण १२०० च्या आसपास. खांद्यावर केस मोकळे सोडून लढणारी, घराच्या रक्षणाला अस्वल आणि कुत्रा बांधणारी, आणि पुढे आपल्या दुसऱ्या नवऱ्याला वस्त्रात लपवलेल्या भाल्याच्या पात्याने ठार करून स्वतः राज्य करणारी ही स्त्री साक्सोशिवाय दुसरीकडे भेटत नाही. तिचा पुरावा म्हणून बिर्का इथल्या एका थडग्याचा दाखला हल्ली दिला जातो. ते थडगे १८७८ साली उत्खनन झालेले, दहाव्या शतकातले आहे. त्यात तलवार, कुऱ्हाड, बाण आणि दोन घोडे होते, आणि त्यातला सांगाडा स्त्रीचा असल्याचे २०१७ साली जनुकीय तपासणीने दाखवून दिले. हा शोध मोलाचा आहे. त्यातून शस्त्रांसह पुरलेली एक स्त्री सिद्ध होते, आणि ती रॅग्नारच्या मानल्या गेलेल्या काळानंतरची आहे. तिच्यावरून लॅगर्था सिद्ध होत नाही.

रोलोला भाऊ म्हणणे तर साक्सोलाही सुचले नव्हते आणि सागालाही नाही. त्याला फ्रान्सच्या राजाकडून सीनच्या मुखाकडचा प्रदेश मिळाला तो ९११ च्या सुमारास, आणि त्यानंतरही तो बरीच वर्षे जगला. हे नातेही वर सांगितलेल्या दूरचित्रवाणी मालिकेतूनच आले आहे.

मुलांच्या सैन्याविषयीचा मुद्दा अधिक गंभीरपणे घ्यायला हवा, कारण इथे खऱ्या माणसांचा आणि खऱ्या युद्धाचा प्रश्न आहे. ८६५ साली एक मोठे सैन्य इंग्लंडमध्ये उतरले. ईव्हार आणि हाफ्दान हे त्याचे नेते होते. ८७८ साली त्यांचा एक भाऊ डेव्हनमध्ये पडला. यांतले काहीही काल्पनिक नाही. ब्योर्न नावाचा म्होरक्याही ८५८ साली फ्रान्समध्ये राजा चार्ल्सपुढे निष्ठेची शपथ घेताना फ्रँकिश इतिवृत्तात दिसतो. परंतु इंग्लंडचे इतिवृत्त ईव्हार आणि हाफ्दान यांना एकमेकांचे भाऊ म्हणते, त्यांचा बाप कोण हे सांगत नाही. बापाचे नाव पहिल्यांदा येते ते १०७० ते १०७५ च्या सुमारास, म्हणजे दोनशे वर्षांनी : नॉर्मंडीत विल्यम ऑफ ज्युमिएज ब्योर्नला, आणि जर्मनीत अॅडम ऑफ ब्रेमेन ईव्हारला लोथब्रोकचा मुलगा म्हणतो. दोघांकडेही नुसते ‘लोथब्रोक’ आहे. ‘रॅग्नार’ हे नाव त्याला जोडलेले सापडते ते आइसलँडचा इतिहासकार आरी थोर्गिल्ससन याच्या लेखनात, ११२२ ते ११३३ च्या दरम्यान.

आणखी एक साक्ष आहे, ती दगडावरची. ऑर्कनी बेटांवर माएसहाऊ नावाची सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी समाधी आहे. बाराव्या शतकात नॉर्स ही जुनी स्कँडिनेव्हियन भाषा बोलणारे काही लोक तिच्या छतातून आत शिरले आणि भिंतींवर रुनिक या उत्तर युरोपातल्या जुन्या लिपीत लेख कोरून गेले. त्यांतला एक लेख म्हणतो की हा टेकाड लोथब्रोकच्या टेकाडाआधी रचला गेला, आणि ‘तिचे’ मुलगे शूर होते. सर्वनाम स्पष्टपणे स्त्रीलिंगी आहे. एवढ्यावरून लोथब्रोक ही बाईच होती असा निकाल मी देणार नाही, जरी काही अभ्यासकांनी ती शक्यता गंभीरपणे मांडली आहे. पण बाराव्या शतकात हे नाव ऐकणाऱ्या सगळ्यांच्या मनात एकच रॅग्नार राजा उभा राहत नव्हता, एवढे या दगडावरून नक्की कळते.

सूडाचे कारणही त्या सैन्याच्या वाटचालीशी जुळत नाही. सैन्य प्रथम पूर्व अँग्लियात उतरले, तिथे तह करून घोडे मिळवले, हिवाळा काढला, आणि पुढच्या वर्षी यॉर्कवर गेले; कारण त्या वेळी नॉर्थम्ब्रियात दोन राजांची यादवी चालू होती आणि राज्य उघडे पडले होते. एला मारला गेल्यावर सूड पुरा झाला असता तर सैन्य परतले असते. ते परतले नाही. नॉटिंगहॅम, पुन्हा पूर्व अँग्लिया, वेसेक्स, मग ८७३-८७४ च्या हिवाळ्यात रेप्टन, असे ते वर्षानुवर्षे फिरत राहिले. रेप्टनच्या चर्चशेजारी उत्खननात किमान २६४ माणसांची हाडे एकत्र रचलेली सापडली, आणि सोबतची नाणी त्याच दशकातली आहेत. ८७६ साली हाफ्दानने नॉर्थम्ब्रियाची जमीन आपल्या लोकांत वाटून दिली आणि ते नांगर धरून शेती करू लागले, असे इतिवृत्त सांगते. जमीन आणि चांदी ही या स्वारीची सरळ कारणे होती.

सागाकारालाही हे युद्ध नुसत्या सूडाचे वाटले नव्हते. त्याने ईव्हारला सर्वात थंड डोक्याचा भाऊ केले आहे. बापाच्या मरणाची बातमी घेऊन एलाचे दूत येतात तो प्रसंग पाहा. ब्योर्न भाल्याचा दांडा तासत असतो, तो इतका आवळतो की दांडा मोडतो. दुसरा भाऊ ह्विटसेर्क पटावरची मारलेली सोंगटी मुठीत दाबतो आणि त्याच्या नखांतून रक्त येते. सिगुर्द नावाचाच आणखी एक भाऊ (नागवधकर्ता सिगुर्द वेगळा) नखे कापत असताना सुरी हाडाला जाऊन लागते तरी त्याला कळत नाही. ईव्हार मात्र बारीकसारीक तपशील विचारत राहतो, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग तेवढा लाल, काळानिळा, पांढरा असा बदलत जातो. दूतांनी हे सांगितल्यावर एला म्हणतो की भीती धरायची तर एकट्या ईव्हारची. पुढे ईव्हार नुकसानभरपाई म्हणून बैलाच्या कातड्याने झाकेल एवढीच जमीन मागतो, कातड्याची बारीक वादी कापून तिने मोठा प्रदेश वेढतो आणि तिथे लंडन वसवतो. लंडन तर रोमनांनी कित्येक शतके आधी वसवले होते, आणि कातड्याची युक्ती ही कार्थेजच्या राणी डायडोची; लॅटिन शिकलेल्या आइसलँडच्या लेखकाला ती माहीत असणे स्वाभाविक होते.

‘रक्तगरुडा’कडे वाचकांचे लक्ष सर्वात जास्त जाते, म्हणून तिथे थोडे थांबतो. समकालीन इतिवृत्तानुसार ८६७ च्या मार्चमध्ये नॉर्थम्ब्रियाच्या सैन्याने यॉर्कवर हल्ला केला, तटाच्या आत मोठी कत्तल झाली, आणि एला व ओस्बर्ट हे दोन्ही राजे तिथेच पडले. एला लढताना मेला. त्याला जिवंत पकडल्याची नोंद नाही. ‘गरुड’ पहिल्यांदा येतो तो सुमारे दीडशे वर्षांनी, डेन्मार्क आणि इंग्लंडचा राजा क्नूट याच्या स्तुतीसाठी सिग्वात या कवीने रचलेल्या कवितेत. त्या ओळींची शब्दरचना इतकी गुंतागुंतीची आहे की ईव्हारने एलाच्या पाठीवर गरुड कोरवला असाही अर्थ निघतो, आणि ईव्हारने एलाला गरुडाच्या तोंडी दिले असाही. रणात पडलेल्या शत्रूचे मांस गरुडाने आणि डोमकावळ्याने खाणे हे नॉर्स दरबारी काव्यातले नेहमीचे वर्णन आहे. १९८४ साली रोबर्टा फ्रँक या अभ्यासक बाईंनी दुसरा अर्थ साधार मांडला. नंतरच्या लेखकांनी मात्र पहिला अर्थ धरून तो वाढवत नेला : साक्सो पाठीवर गरुड कोरून जखमेत मीठ चोळल्याचे लिहितो, आणि त्यानंतरच्या आइसलँडी कथनात बरगड्या आणि फुप्फुसे येतात. फ्रँकबाईंचे म्हणणे सर्वांना मान्य नाही, आणि २०२२ साली काही अभ्यासकांनी शरीररचनेच्या दृष्टीने असे करणे अशक्य नव्हते असेही दाखवले. पण त्यांच्याही मते पूर्ण क्रिया होण्याच्या खूप आधी माणूस मेला असता, आणि अशी शिक्षा भोगलेला एकही सांगाडा आजवर सापडलेला नाही. जितका लेखक उशिराचा तितके वर्णन सविस्तर, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे.

‘तो हसत हसत मेला’ हे वाक्य ‘क्राकुमाल’ या मृत्युगीताच्या शेवटच्या ओळीतून आले आहे. सापांच्या खड्ड्यात रॅग्नार आपल्या लढाया एकामागून एक आठवतो, प्रत्येक कडवे ‘आम्ही तलवार चालवली’ अशा ध्रुवपदाने सुरू होते, आणि शेवटी तो म्हणतो, मी हसत मरेन. ते गीत बाराव्या शतकाच्या भाषेतले आहे, म्हणजे कवीने वीराच्या तोंडी घातलेले आहे. वायकिंग शत्रूच्या कवटीतून मद्य पीत, हा समज याच गीताने पसरवला, तोही स्वतःचा दोष नसताना. गीतात ‘कवट्यांच्या वाकड्या फांद्या’ यांतून मद्य पिण्याचा उल्लेख आहे. डोक्यावर उगवलेली वाकडी फांदी म्हणजे जनावराचे शिंग, हे कूट. १६३६ साली ओले वोर्म या डॅनिश विद्वानाने छापलेल्या लॅटिन भाषांतरात ते ‘मारलेल्यांच्या कवट्या’ असे झाले, आणि तिथून ते साऱ्या युरोपात गेले.

राहता राहिला मठवाशांनी इतिहास दडपल्याचा आरोप. वायकिंगांवर राग असलेल्या मठवाशांनी त्यांची नावे लपवली नाहीत, उलट शिव्याशापांसह लिहून ठेवली. रेगिनहेरी, ब्योर्न, ईव्हार, हाफ्दान ही सगळी नावे त्यांच्यामुळेच आपल्याला माहीत आहेत. आणि रॅग्नारची कथा ज्यांनी जपली तेही ख्रिस्तीच होते. साक्सोने आपला ग्रंथ लुंडचा आर्चबिशप अब्सालोन याच्या सांगण्यावरून हाती घेतला. खड्ड्यात रॅग्नारच्या तोंडी आलेले वाक्य, म्हाताऱ्या रानडुकराचे काय झाले ते कळले तर त्याची पिल्ले घुरघुरतील, हे साक्सोकडेही आहे आणि सागामध्येही. म्हणजे ते लोकांच्या ओठांवर होते, आणि दोन वेगवेगळ्या देशांतल्या ख्रिस्ती लेखकांनी ते टिपून ठेवण्याच्या योग्यतेचे मानले. सागाचा मुख्य आधार असलेले चामड्यावरचे हस्तलिखित आज कोपनहेगनच्या राजग्रंथालयात आहे. त्यात आधी सिगुर्दच्या घराण्याचा सागा, मग रॅग्नारचा सागा, आणि त्यामागे क्राकुमाल असा क्रम आहे. ते साधारण १४०० च्या सुमारास आइसलँडमध्ये लिहिले गेले, तेव्हा त्या देशाने ख्रिस्ती धर्म स्वीकारून चार शतके उलटली होती.